निळा शर्ट, निळा शर्ट : सँफर्ड मायस्नर नेमकं काय शिकवत होते?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: शिबिरात दोघांना समोरासमोर बसवलं. एकाने म्हणायचं, ‘तू निळा शर्ट घातलायस.’ दुसऱ्याने म्हणायचं, ‘मी निळा शर्ट घातलाय.’ असं वीस मिनिटं. तुला हसू आवरेना. शिकवणाऱ्यांनी ‘हे मायस्नर टेक्निक’ एवढंच सांगितलं आणि पुढचा खेळ सुरू केला. हे मायस्नर कोण, ही पोपटपंची कशासाठी आणि एकांकिकेत तिचा उपयोग काय, असं तू विचारतोस.

मी गेली 18 वर्षं अभिनय शिकवतेय आणि त्यातली निम्मी तरी वर्षं हा व्यायाम चुकीचा घेत होते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. हसू आलं यात तुझं काहीच चुकलं नाही. ते तुम्ही दोघांनी दाबलं असणार, ते मात्र चुकलं. त्याकडे येतेच.

सँफर्ड मायस्नर न्यूयॉर्कचे. 31 ऑगस्ट 1905 चा, ब्रुकलिनमधला जन्म. आईवडील हंगेरीहून आलेले ज्यू, वडिलांचा फरच्या कपड्यांचा धंदा. सँफर्ड थोरले. ते लहान असताना त्यांच्या तब्येतीसाठी म्हणून सगळं घर कॅट्सकिल डोंगरात हवापालटाला गेलं. तिथे धाकटा भाऊ जेकब कच्चं दूध प्यायला, त्यातून त्याला गुरांपासून होणारा क्षय झाला आणि तो गेला. आईवडिलांनी त्याचं खापर थोरल्यावर फोडलं: तुझ्यासाठी तिकडे गेलो नसतो तर हा वाचला असता. आपल्या आयुष्यावर सगळ्यात खोल परिणाम या मृत्यूचा झाला, असं मायस्नर पुढे सांगत. पोर स्वतःच्या कोशात गेलं आणि पियानोपाशी बसायला लागलं.

पियानो मी मुद्दाम सांगतेय. ते एका नावाजलेल्या संगीतशाळेत शिकत होते, पण घरच्या धंद्याला हातभार लावायला वडिलांनी त्यांना तिथून काढलं. कापडाचे तागे वाहताना दिवस सरावा म्हणून ते शिकलेल्या रचना मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत. त्यातून कान तयार झाला. पुढे शिक्षक झाल्यावर विद्यार्थ्यांचा प्रवेश चालू असताना ते कित्येकदा डोळे मिटून, डोकं हातांत धरून बसायचे. मुलांना वाटायचं, सरांना कंटाळा आला. सर ऐकत असायचे. आपल्याकडचे जुने गवई शिष्याकडे न बघता तंबोऱ्याशी बसून ‘हं, पुन्हा’ म्हणायचे, तसंच काहीसं.

1924 च्या सुमाराला थिएटर गिल्ड या नाट्यसंस्थेत किरकोळ भूमिकांपासून त्यांची सुरुवात झाली. 1931 मध्ये हॅरल्ड क्लर्मन, शेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी ग्रुप थिएटर काढलं, त्यातल्या पहिल्या नटांमध्ये मायस्नर होते. मंदीचा काळ. रशियात स्तानिस्लाव्हस्कींनी उभी केलेली अभिनयपद्धत अमेरिकेत कशी आणायची, या एका प्रश्नाने ही मंडळी झपाटलेली. स्ट्रासबर्ग तालमीत ‘भावस्मृती’वर भर देत. म्हणजे प्रवेशात रडायचं असेल, तर स्वतःच्या आयुष्यातला एखादा दुःखाचा प्रसंग आठवायचा, त्यातला वास, उजेड, कपड्याचा स्पर्श असं सगळं उकरून काढायचं आणि त्यातून वर आलेली भावना भूमिकेला द्यायची.

1934 मध्ये त्याच संस्थेतल्या स्टेला ॲडलर पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लाव्हस्कींना भेटल्या आणि काही आठवडे त्यांच्याकडे शिकल्या. परत येऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की म्हातारबुवा आता आठवणींवर इतका भार टाकत नाहीत. नाटकातली परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि प्रत्यक्ष कृती यांना ते जास्त महत्त्व देतात. स्ट्रासबर्ग यांना हे मानवलं नाही. संस्थेत उभी फूट पडली आणि मायस्नर ॲडलरबाईंच्या बाजूला गेले. त्यांचा आक्षेप मला आजही चोख वाटतो: नट मुळातच आत वळलेला प्राणी, त्याला आणखी आत कशाला ढकलता? धाकट्या भावाच्या मृत्यूचं ओझं लहानपणापासून वाहणाऱ्या माणसाला ‘जुनं दुःख उकर’ हे तंत्र नको वाटलं असेल, असा माझा आपला तर्क.

1935 पासून ते न्यूयॉर्कच्या नेबरहुड प्लेहाऊसमध्ये शिकवायला लागले आणि मधली काही वर्षं सोडली तर जवळजवळ 1990 पर्यंत तिथेच राहिले. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा. हा आकडा लक्षात ठेव, तुझ्या चार दिवसांच्या शिबिराशी त्याचा संबंध आहे. रॉबर्ट डुव्हाल, जोआन वुडवर्ड, डायॲन कीटन, जॉन व्हॉइट हे हॉलिवूडमध्ये गाजलेले नट त्यांचे विद्यार्थी. दिग्दर्शक सिडनी पोलॅक आधी विद्यार्थी, मग सहायक. त्याच शाळेत नृत्य आणि शरीराचं काम मार्था ग्रॅहम शिकवायच्या. हॉलिवूडचा नट ग्रेगरी पेक याची पाठ त्यांच्याच वर्गात दुखावली आणि त्यामुळे तो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला नाही. विषयांतर झालं, पण मायस्नर एकटे सगळं शिकवत नव्हते, हे त्यातून कळतं.

आता तुझा निळा शर्ट.

मायस्नर यांचा पहिला धडा शर्टाचाही नव्हता. ते वर्गाला सांगत, बाहेर रस्त्यावरून किती गाड्या जातायत ते ऐका. मिनिटभराने विचारत, खरंच ऐकत होतास की ऐकण्याचा अभिनय करत होतास? प्रामाणिक मुलं कबूल करत की मान तिरकी करून, कपाळाला आठी घालून ‘ऐकणारा माणूस’ झालो होतो. तू आत्ता करून बघ. पंख्याची घरघर ऐक. ऐकताना चेहऱ्याला काही करावं लागत नाही. हा त्यांचा पाया: काम खरोखर करायचं, केल्यासारखं दाखवायचं नाही. अभिनयाची त्यांची व्याख्या मराठीत आणायची तर ‘काल्पनिक परिस्थितीत खरं जगणं’ अशी होईल. त्यातला ‘खरं जगणं’ हा भाग आधी, ‘काल्पनिक परिस्थिती’ नंतर. आपण नेमकं उलट करतो.

मग त्यांना असा व्यायाम हवा होता, ज्यात नटाला डोकं चालवायला जागाच उरणार नाही. पुढे काय बोलू, कसं बोलू, मी कसा दिसतोय हे सगळं बंद. त्यांच्या लक्षात आलं की समोरचा म्हणतो तेच जर मी म्हटलं, तर मला काही सुचवायचं उरत नाही. उरतं ते फक्त ऐकणं. पुनरुक्तीचा व्यायाम निघाला तो इथून. तो सुरू करताना शब्द जसेच्या तसे परत करायचे: ‘केस चमकतायत.’ ‘केस चमकतायत.’ पुढची पायरी स्वतःच्या बाजूने बोलायची: ‘तुझे केस चमकतायत.’ ‘माझे केस चमकतायत.’ त्यानंतर शर्ट, केस, चष्मा मागे पडतात आणि समोरच्याच्या वागण्यावर बोलणं येतं: ‘वैतागलायस.’ ‘वैतागलोय.’ वाक्य कधी बदलायचं? काहीतरी घडलं की. समोरच्याने नजर चुकवली, पाय हलवला, हसला, तर ते बोल. नाही घडलं तर तेच म्हणत राहा. त्यांचा नियमच होता: काही घडून तुला भाग पाडल्याशिवाय काही करू नकोस. आणि तू काय करशील हे तुझ्यावर नाही, समोरच्यावर अवलंबून आहे.

हे सांगताना ते विद्यार्थ्याला खरोखर चिमटा काढून दाखवत. चिमटा बसला की ‘आई गं’ आपोआप निघतं. ‘आई गं’ कसं म्हणायचं याची तालीम करावी लागत नाही. आपल्या तालमीत मात्र ‘आई गं’ कधीपासूनच पाठ असतं, फक्त चिमटा काढायला कोणी नसतं. (चिमटा आज विचारल्याशिवाय काढू नये. मी तर कोणाला काढतच नाही, फक्त गोष्ट सांगते.)

माझी चूक कुठे होत होती ते सांगते, कारण बहुतेक शिबिरांत तीच होते. मुलं एकसुरी बोलायला लागली की मी म्हणायचे, ‘जरा बदल करा, जोर येऊ दे.’ मग ती जोर आणायची. कुणी कुत्सित म्हणायचं, कुणी लाडिक, कुणी खर्जात. पाच मिनिटांत आरडाओरडा. मला वाटायचं, वा, आग लागली! पण प्रत्येक जोडी, प्रत्येक वेळी, भांडणावरच जाऊन थांबत होती. इतकी माणसं, इतक्या वेगळ्या स्वभावांची, आणि सगळी एकाच ठिकाणी कशी पोचतात? कारण कोणी कोणाकडे बघतच नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या वाक्याला चाल लावत होता. एकसुरीपणा परवडला. तो निदान खरा असतो, आणि काही घडलं की आपोआप मोडतो.

दुसरी अडचण खास मराठीची. इंग्रजीत तू-मी बदललं की काम झालं, क्रियापदाला फार हलवावं लागत नाही. मराठीत ‘हसतोयस’चं ‘हसतोय’ होतं, समोर मुलगी असेल तर ‘हसतेयस’ ऐकून तिला ‘हसतेय’ म्हणावं की तसंच परत करावं, इथे ती अडखळते. ज्या क्षणी डोकं बंद व्हायला हवं, त्याच क्षणी व्याकरण जागं होतं. म्हणून मी आता पहिले दोन दिवस क्रियापदच काढून टाकते. ‘निळा शर्ट.’ ‘निळा शर्ट.’ ‘वरचं बटण.’ ‘वरचं बटण.’ मग लिंगवचन न बदलणारं काही: ‘हात थरथरतोय.’ ‘हात थरथरतोय.’ त्यानंतर तू आणि मी. शिवाय वर्गात कोणीही कोणाला अहो-जाहो करायचं नाही. चाळिशीतले गृहस्थ आणि विशीतली मुलगी समोरासमोर बसले की ‘तुम्ही’मध्ये एक जाड पडदा असतो. ‘तू’ म्हणायला पहिल्या दिवशी जीभ अडते, दुसऱ्या दिवशी सुटते. ‘तू जाड झालायस’ म्हणायला मात्र आपल्या माणसाला कधीच काही वाटत नाही, तिथे आपण अमेरिकनांच्या पुढे आहोत.

ही झाली पहिल्या काही आठवड्यांची गोष्ट. तुझं शिबिर इथेच संपलं, म्हणून तुला ती पोपटपंची वाटली. मायस्नर पुढे एकाला स्वतंत्र काम देत. ते काम अवघड हवं, तातडीचं हवं आणि ते करण्यामागे जिवाला लागणारं कारण हवं. दुसरा बाहेर जातो आणि दार वाजवतो. मग दोघांत पुनरुक्ती सुरू.

माझ्या वर्गातला एक तुकडा सांगते. एका मुलाने फुटलेला कप आणला होता, पाच-सहा तुकडे, सोबत फेविक्विक. त्याने ठरवलेलं कारण: आजीच्या लग्नातल्या सेटमधला हा शेवटचा कप, आणि ती अर्ध्या तासात देवळातून येईल. दारावर थाप. त्याने तीनदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, चौथ्यांदा दार उघडून पळत परत जागेवर.

‘फुटलाय.’
‘फुटलाय.’
‘फुटलाय!’
‘हो, फुटलाय.’
‘चिडलायस.’
‘चिडलोय?’
‘चिडलायस.’
‘चिडलोय.’
‘बोटं चिकटलीयत.’
‘बोटं चिकटलीयत.’
‘बोटं चिकटलीयत तुझी.’
‘चिकटलीयत ना माझी!’

इथे त्याचा आवाज फाटला. मुलगी पुढे झाली, त्याच्या शेजारी बसली आणि कपाचा कान धरून ठेवला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. एक मिनिटभर कोणी बोललं नाही आणि वर्गात पंखा ऐकू येत होता. या दहा-बारा ओळी कागदावर किती फालतू दिसतात बघ. ‘फुटलाय’ हाच शब्द चार वेळा, आणि चारही वेळा अर्थ वेगळा. त्यातला एकही अर्थ त्या दोघांनी ठरवलेला नव्हता. मायस्नर संहितेला नावेची उपमा देत आणि भावनेला खालच्या नदीची. नाव स्वतः कुठे जात नाही, नदी नेते. ते मला त्या दिवशी कळलं.

मग संहिता. त्यांच्याकडे संवाद पाठ करायचे ते कोरडे, कोणत्याही हेलाशिवाय, विरामचिन्हांचाही विचार न करता. आपण पाढे म्हणतो तसे. ‘बे एके बे’ला कसा भाव नसतो, तसा ‘आई, मी घर सोडून चाललो’ यालाही पाठ करताना नसावा. म्हणजे वाक्य जिभेवर येतं, पण त्याची चाल ठरलेली नसते. ती समोरच्याने दिलेल्या वाक्यावरून दर प्रयोगाला ठरते.

आणि भावनिक तयारी. मोठ्या रागात किंवा आनंदात एन्ट्री घ्यायची असेल तर ती भावना विंगेत असतानाच अंगात असली पाहिजे, हे त्यांनाही मान्य. पण त्यासाठी खरंच मेलेलं माणूस आठवायलाच हवं असं नाही. कल्पनेतलं, अगदी अचाट, स्वतःशीही कबूल न करता येणारं स्वप्न चालेल. आपल्याला बक्षीस मिळालंय आणि आपल्याला हिणवणारा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतोय, असं काही. कोणालाही सांगायचं नाही. आणि ही तयारी फक्त पहिल्या क्षणापुरती. रंगमंचावर पाऊल पडलं की ती सोडून द्यायची आणि समोरच्याकडे बघायचं. पुष्कळ नट ती मुठीत धरून आख्खा प्रवेश ओढतात. समोरचा विनोद करतोय आणि हे अजून विंगेतलंच दुःख सांभाळतायत.

मायस्नर यांच्या उत्तरायुष्यातली एक गोष्ट मला त्यांच्या पद्धतीइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांना घशाचा कर्करोग झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. ज्याचं सगळं शिकवणं कानावर, त्याचा आवाजच गेला. ते हवा गिळून ती ढेकरेसारखी सोडत एकेक शब्द बोलायला शिकले आणि चष्म्याच्या दांडीला लावलेल्या छोट्या मायक्रोफोनमधून वर्ग घेत राहिले. एवढ्या कष्टाने निघालेलं वाक्य विद्यार्थी कसं ऐकत असतील! मध्ये ट्रकची धडक बसून हाडं मोडली, तरी वर्ग सुटले नाहीत. 1985 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या बेक्विया या चिमुकल्या बेटावर त्यांनी आणि त्यांचे जोडीदार जेम्स कारव्हिल यांनी शाळा काढली, पुढे लॉस एंजेलिसच्या भागात. 1995 मध्ये ते ‘ई.आर.’ या मालिकेत एका भूमिकेत दिसले. 2 फेब्रुवारी 1997 ला, 91 व्या वर्षी गेले.

भक्तिभावाने वाचू नकोस, म्हणून उणी बाजूही सांगते. ते कडक होते, वर्गात मुलांना झापायचे, आणि त्यांच्या नावावर शिकवणाऱ्या कित्येकांनी तेवढंच उचललं. मुलगी रडली की व्यायाम यशस्वी, असं मानणारी शिबिरं मी पाहिली आहेत. एका शिबिरात तर रडणाऱ्या मुलासाठी टाळ्या वाजवल्या गेल्या आणि पुढच्या जोडीने पहिल्या मिनिटाला डोळे पुसायला सुरुवात केली. दुसरं असं, की या पद्धतीत आवाजाचं काम नाही. प्लेहाऊसमध्ये ते वेगळे शिक्षक घ्यायचे. आपण फक्त पुनरुक्ती उचलली तर मुलं कॅमेऱ्यासाठी छान होतात आणि आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात सहाव्या रांगेच्या मागे ऐकू येत नाहीत. आणि पद्यात्मक, भरजरी भाषेचं नाटक असेल तर भाषेचा तोल वेगळा शिकावा लागतो. तिथे नुसतं ‘समोरच्याकडे बघ’ पुरत नाही.

आता तुझी एकांकिका. तालमीला महिना असेल असं धरते. पहिल्या आठवड्यात संहिता पाढ्यांसारखी पाठ करा, सगळ्यांनी मिळून, बसून. कोणी ‘पंच’ शोधायचा नाही. रोज तालमीआधी पंधरा मिनिटं पुनरुक्ती, क्रियापदाशिवाय सुरू करून. जोड्या रोज बदला, नाहीतर दोघांची एक सवय जमते आणि त्यालाच आपण ‘केमिस्ट्री’ म्हणायला लागतो. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने एक खरं काम आणायचं: गुंता झालेला दोरा सोडवणं, फाटलेलं पत्र जोडणं, असं काहीही. ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं आणि कधी कुठे जायचं ते ठरवणं, त्यानंतर. दिग्दर्शक कुरकुरेल, ‘स्पर्धा तोंडावर आलीय’ म्हणेल. त्याला दोनच तालमी माग. तिसऱ्या तालमीत तू एखादं वाक्य वेगळ्या तऱ्हेने टाकशील आणि समोरची मुलगी तुझ्याकडे खरंच वळून बघेल, तेव्हा तो पेन खाली ठेवेल.

टाळीच्या वाक्यांचं काय, असं तुझ्या मनात येईल. टाळीचं वाक्य टाळीसाठी थांबवून टाकायचं असेल तर टाक, मी काही रंगभूमीची सोवळी बाई नाही. फक्त टाळी संपल्यावर समोरच्याचा चेहरा काय झालाय ते बघून पुढचं वाक्य उचल.

आणि ते हसू. पुढच्या वेळी आलं की तुझा जोडीदार शर्ट सोडून देईल आणि म्हणेल, ‘हसतोयस.’ तू म्हण, ‘हसतोय.’ तो म्हणेल, ‘हसतोयस.’ बहुधा तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुम्हा दोघांपैकी एकाचं हसू थांबेल. ते कोणाचं थांबलं हे बघ, आणि ते बोल.